जुनी मोटरबोट घेताय? दोन बोटींतून एक निवडताना या चुका टाळा

जुन्या मोटरबोटीचे दोन पर्याय समोर आले की बहुतेक जण आधी इंजिनाचे हॉर्सपॉवर विचारतात, मग रंग पाहतात. हा क्रमच चुकीचा आहे. समजा, नागपूरजवळच्या जलाशयासाठी पाहिलेली एक बोट १४ फुटी फायबरची, ४० हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोक इंजिनाची, कोकण किनाऱ्यावरून आणलेली आहे आणि दुसरी १२ फुटी ॲल्युमिनियमची, २० हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाची, केवळ तलावात चाललेली आहे. पहिली नजरेत भरणार, यात शंका नाही.

परंतु फायबरच्या बोटीचे खरे दुखणे ट्रान्सममध्ये, म्हणजे इंजिन ज्यावर टांगले जाते त्या मागच्या फळीत, दडलेले असते. अनेक जुन्या बोटींत तिच्या आत प्लायवूड असते; बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपून ते आतून कुजते आणि बाहेरचा जेलकोट, म्हणजे चकचकीत थर, मात्र गुळगुळीत राहतो. रबरी हातोडीने संपूर्ण फळी ठोकून पाहावी; टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, किंवा वर उचललेले इंजिन हाताने दाबताच फळी लवली, तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी ती बोट सोडून द्यावी. ॲल्युमिनियमच्या बोटीत रिव्हेट आणि वेल्डिंगचे सांधे पाहावे लागतात. तळात पाणी भरून बाहेर कोठे पाझरते, हे पाहिले की गळती समजते.

विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन पाहणे ही दुसरी चूक होय. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे, मात्र कोरड्या जमिनीवर नव्हे, कारण इंजिन थंड ठेवणारे पाणी खेचणारा रबरी इम्पेलर पाण्याशिवाय अल्पावधीत जळतो. जो विक्रेता हौसेने इंजिन कोरडेच चालवून दाखवतो, त्याने ते यापूर्वीही केले असणार. गिअर ऑइल दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी शिरले आहे, असे समजावे.

‘एकीचे इंजिन दुसरीला लावू’ हा विचारही पुष्कळदा फसतो. १५ इंची शाफ्टचे, म्हणजे पंख्यापर्यंतच्या खालच्या दांड्याचे, इंजिन २० इंची ट्रान्समवर लावले तर पंखा पाण्यात पुरेसा बुडत नाही आणि हवा ओढतो. खाऱ्या पाण्यातून आलेल्या बोटीवरील जस्ताचे ॲनोड, म्हणजे बोटीच्या धातूऐवजी स्वतः गंजणारे तुकडे, गोड्या पाण्यात नीट काम करीत नाहीत; तेथे मॅग्नेशियमचे लागतात.

नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात पेट्रोलच्या रबरी नळ्यांना भेगा पडतात, त्यात ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषते. त्यामुळे उन्हाळाभर टाकी भरून ठेवू नये.

कुटुंब चौघांचे असेल तर माझी पसंती दुसऱ्या बोटीला आहे. मात्र सहा जण, डबे आणि पाण्याचा कॅन एवढा भार १२ फुटी बोटीवर लादणे धोक्याचे आहे. अशा वेळी ट्रान्सम निर्दोष असेल तरच पहिली घ्यावी, अन्यथा दोन्ही नकोत. तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येत असल्यामुळे तो विचारातच घेऊ नये. रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या जलाशयासाठीही संबंधित विभागाची लेखी परवानगी सौद्याआधी विचारावी.

बोट वाहून नेणारा ट्रेलर मात्र कोणी तपासत नाही. नागपूरहून रामटेकच्या सुमारे ५० किलोमीटरच्या वाटेवर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून चाकाच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हात न्यावा. चटका बसत असेल तर बेअरिंग गेलेले आहे.