मोटर न्यूरॉन आजारात खांदा आखडू नये म्हणून
या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जातात. हात उचलता येईनासा झाला की खांदा आखडायला वेळ लागत नाही, म्हणून घरच्यांनी तो रोज हलवून द्यावा. आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर पाठीशी उशा लावून रुग्णाला टेकवून बसवा. एका हाताने कोपर, दुसऱ्याने मनगट पेलून धरा. पंजा धरून ओढू नका. स्नायू सैल पडलेला खांदा खोबणीतून सरकतो. याच कारणाने उठवताना काखेत हात घालणं कटाक्षाने टाळा.

अंगठा वर ठेवून हात सावकाश पुढून वर न्या, अडेल तिथे 15 ते 20 सेकंद थांबा, मग खाली. असं 5 ते 10 वेळा. ताण जाणवला तर चालेल, पण कळ आली की तिथेच थांबायचं. फिजिओथेरपिस्टने शिकवल्याशिवाय हात खांद्याच्या पातळीच्या वर नेऊच नका. बसल्यावर हाताखाली उशी हवीच.