करारात मुदत लिहिलीये का, ते आधी बघा

पुस्तकाचे हक्क एकदा लिहून दिले की गेले असं बरेच लेखक धरून चालतात, मीही चालायचो. पण कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ एकदा वाचाच, करारात जे लिहायचं राहिलंय ते बहुतेक वेळा लेखकाच्या पथ्यावर पडतं.

तर पहिलं काम म्हणजे जुना करार शोधा, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली कुठेतरी असतोच. तुमच्या सहीचा लेखी कागदच नसेल तर हक्क दिलेच गेले नाहीत. कागद असेल तर त्यात मुदत शोधा. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षंच धरतो, म्हणजे त्यानंतर हक्क तुमच्याकडे परत, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या पहिल्या कथासंग्रहाच्या करारात मानधन, प्रती, सगळं होतं, मुदत तेवढी नव्हती, आणि मी १२ वर्षं प्रकाशकाच्या नावाने बोटं मोडत बसलो! मात्र 'कायमस्वरूपी' असं स्पष्ट लिहून सही केली असेल तर ही वाट बंद.

मग दुसरी वाट बघा. ऑडिओबुकचे किंवा अनुवादाचे हक्क घेतले आणि वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते हक्क लॅप्स होतात, म्हणजे तुमच्याकडे परत येतात. अटी फारच जाचक असतील तर कलम १९ए खाली कमर्शियल कोर्टात करार रद्द करून मागता येतो, पण करारापासून ५ वर्षं व्हायच्या आत नाही, आणि वकिलाचा खर्च बघता मी हे शेवटी ठेवेन.

१० मे १९९५ च्या आधीच्या करारांना ५ वर्षांचा आणि वर्षभराचा, हे दोन्ही नियम लागत नाहीत. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं असेल तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, मालकी मुळातच कंपनीची, त्यामुळे परत मागायला काही उरत नाही.

मुदत संपली असेल तर प्रकाशकाला साधं पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. पुस्तकाचं नाव, कराराची तारीख, कुठल्या कलमाने हक्क परत आले, आणि नवी आवृत्ती किंवा ईबुक काढू नये, एवढं पुरे, शिव्या नकोत. शिल्लक प्रती किती ते विचारा, जमलं तर स्वस्तात उचला. आणि हो, परत येतो तो मजकूर, मुखपृष्ठ नाही, नवीन आवृत्तीत तेच चित्र हवं असेल तर चित्रकाराशी वेगळं बोला, त्याचाही करार एकदा बघायला सांगा.