जँगो ४.० वर गेल्यावर प्रत्येक फॉर्मला ४०३: माझा अनुभव

नागपुरात कळमना मार्केटमधल्या एका आडत्याची संत्रा-आवक नोंदवायची साइट जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) ३.२ वरून ४.० वर नेली आणि लॉगिनसकट प्रत्येक फॉर्म ४०३ म्हणजे 'परवानगी नाही' ही एरर देऊ लागला. माझ्या मशीनवर (लोकलला) सगळं ठीक, सर्व्हरवरच अडायचं. कुकी पुसल्या, टेम्प्लेटमधलं सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आला हे पटवणारा गुप्त कोड) तपासलं, सेटिंग्जमधली अलाउड होस्ट्स ही परवानगी असलेल्या डोमेनची यादी पाहिली. काहीच फरक नाही. ऐन आवकीच्या हंगामात डोकं पार पिकलं.

कारण: ४.० पासून जँगो ब्राउझरचा ओरिजिन हेडरही (विनंती कुठल्या साइटवरून आली ते सांगणारी ओळ) पडताळतो. एचटीटीपीएस एनजिनएक्सवरच (जँगोच्या पुढे बसणारा प्रॉक्सी सर्व्हर) संपत असल्याने जँगोला विनंती साधी एचटीटीपी वाटते, म्हणून ओरिजिन जुळत नाही.

आधी एनजिनएक्सच्या लोकेशन ब्लॉकमध्ये प्रॉक्सी_सेट_हेडरच्या दोन ओळी टाका: 'होस्ट'ला डॉलर-होस्ट, 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो'ला डॉलर-स्कीम. मग सेटिंग्जमध्ये सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडरला 'एचटीटीपी_एक्स_फॉरवर्डेड_प्रोटो' आणि 'एचटीटीपीएस' ही जोडी द्या. कॉन्फिग तपासून एनजिनएक्स रीलोड, शेवटी गुनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) रीस्टार्ट.

एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर प्रॉक्सी स्वतः लिहीत असेल तरच ही सेटिंग ठेवा, नाहीतर कुणीही तो बाहेरून खोटा पाठवेल. फॉर्म दुसऱ्या सबडोमेनवरून येत असेल, तर सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्समध्ये ते नाव एचटीटीपीएससकट लिहा, ४.० पासून नुसतं डोमेन चालत नाही. सीएसआरएफ तपासणीच बंद करायचा सल्ला मात्र कृपया ऐकू नका.