पोरांच्या चेस टूर्नामेंटमध्ये हातचे पॉइंट घालवणाऱ्या या चुका टाळा

तीन वर्षं झाली लेकीबरोबर अंडर-९, अंडर-११ च्या स्पर्धा फिरतोय, हॉलबाहेर सतरंजीवर बसून डबे सांभाळतोय, आणि बाहेर येणारं प्रत्येक रडकं तोंड बघून एकच कळलंय की पोरं ओपनिंगमुळे फार कमी हरतात, आर्बिटरला, म्हणजे पंचाला, बोलवायला लाजतात म्हणून जास्त हरतात.

समोरच्याने चेकमध्ये (राजाला शह) असताना भलतीच चाल करून क्लॉक दाबलं तर आपलं पोरगं नुसतं बोट दाखवतं, तो चाल परत घेतो आणि गेम पुढे चालू. अरे क्लॉक थांबव, हात वर कर! क्लासिकलमध्ये, म्हणजे जास्त वेळाच्या गेममध्ये, त्याच्या पहिल्या इल्लीगल मूव्हला तुला २ मिनिटं जादा मिळतात आणि दुसरी केली की सहसा तो गेमच हरतो.

कॅसलिंगला (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवतात ते) आधी राजा उचलायचा, तोही एकाच हाताने. आधी हत्तीला हात लावला तर त्या चालीत तिकडे कॅसलिंग विसरा, हत्तीच हलवावा लागतो.

प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि जवळ वजीर नाही, मग पोरं घरच्यासारखा वजीर म्हणून हत्ती उलटा ठेवतात. तो हत्तीच धरतात बरं का! २०१७ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडायच्या गेममध्ये) नॉरित्सिनने घाईत हेच केलं, वजीर समोरच्या साम्बुएव्हच्या मुठीत होता, आर्बिटरने हत्ती ठरवला आणि किताब साम्बुएव्हकडे गेला. मोठ्यांचं हे, तर आपल्या चिल्ल्यापिल्ल्यांचं काय. वजीर दिसत नसेल तर क्लॉक थांबवून मागायचा, नियमात बसतं ते.

अजून एक, हा तर मला सगळ्यात चीड आणणारा प्रकार, समोरचा हरत असताना हात पुढे करतो, आपल्याला वाटतं रिझाइन केलं, हार मानली, शेकहँड होतो आणि तो म्हणतो ड्रॉ झाली. हात मिळवायच्या आधी “रिझाइन का?” असं तोंडाने विचारायचं, आणि रिझल्ट वाचल्याशिवाय सही नाही.

एक वजीर जास्त असताना स्टेलमेट देणं (समोरच्याला शह नाही पण चालही उरत नाही, गेम ड्रॉ), दीड तासाचा गेम वीस मिनिटांत उरकणं, हे सगळ्यांनाच माहितीये, तरी होतंच.

यावर मी घरी खेळताना मुद्दाम इल्लीगल चाली करायला लागलो, लेक पकडते का बघायला. सुरुवातीला नुसती हसायची. आता कॅरममध्ये माझा स्ट्रायकर रेषेवर नीट नसला तरी हात वर करून आईला बोलावते.