बचाव बोटीवर स्वयंसेवक व्हायचंय? आधी वेळेचा हिशेब मांडा

नाव नोंदवताना मी घरी छातीठोकपणे सांगितलं होतं, "आठवड्याचे दोनच तास." ते दोन तास निघाले नुसते सरावाचे. पुढे महिनाभर वहीत टिपलं, तर बेरीज 26 तास झाली. त्यातले पाण्यावरचे जेमतेम पाच.

म्हणून तुम्ही मोजाल तेव्हा घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत मोजा. बंद पडलेली बोट दोर टाकून ओढत आणायला तासभर पुरतो. खरा वेळ त्यानंतर जातो. बोट गोड्या पाण्याने धुवायची, इंजिनातून गोडं पाणी फिरवायचं, टाकी भरायची, ओले दोर गुंडाळायचे, नोंदवही लिहायची. हे उद्यावर टाकता येत नाही, पुढची हाक अर्ध्या तासातही येते.

लाइफ जॅकेटं तर संध्याकाळच खातात. आपोआप फुगणाऱ्या जॅकेटातला गॅसचा छोटा सिलिंडर फिरवून काढायचा, गंज बघायचा, काट्यावर ठेवून त्याच्यावर कोरलेल्या किमान वजनाशी ताडायचा. मग तोंडाने हवा भरून जॅकेट रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी मऊ लागलं तर बाद. अशी बारा जॅकेटं! (मला हे काम आवडतं, हे कुणाला सांगू नका.)

रेडिओची पाळी आमच्याकडे चार तासांची. चॅनल 16, म्हणजे बोटींची मदतीची हाक ज्यावर येते ती रेडिओ वाहिनी, ऐकत बसायचं. बहुतेक वेळा काहीच घडत नाही. तरी कानात गाणी चालत नाहीत.

पहिल्या वर्षी वेळ दुप्पट धरा. रेडिओचा परवाना, प्रथमोपचार, गाठी, आणि पाण्यात पडलेल्याला वर घेण्याचा सराव, तोही पुन्हा पुन्हा. नवख्यांना याचा कंटाळा येतो. पण गार पाण्यात माणसाच्या हातात साधारण 10 मिनिटंच जोर राहतो. त्यानंतर फेकलेला दोर त्याला धरता येत नाही.

प्रमुखांना एक नक्की विचारा: हाकेला तयार राहायचे दिवस महिन्यात किती? त्या दिवशी तुम्ही घरी असता, पण दारू नाही, लांब जाणं नाही, जेवता जेवता उठायची तयारी. घरच्यांना हेच आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं.

इतकं जमणार नसेल तर नुसती रेडिओची पाळी मागा. घरात तान्हं बाळ आल्यापासून मीही तेवढीच करतो. आणि जॅकेटं.