कंटेनर वीसचा की चाळीसचा? आधी दार मोजा!

एमएस युनिव्हर्सिटीतून बीकॉम केलं आणि बडोद्यातच एका फ्रेट फॉरवर्डरकडे (लोकांचा माल जहाजाने परदेशी पाठवून देणारी कंपनी) चिकटले. तेव्हा मला वाटायचं कंटेनर निवडणं म्हणजे काय, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, आला सीबीएम (म्हणजे घनमीटर), ३३ च्या आत असेल तर वीस फुटी नाहीतर चाळीस, संपला विषय. हल्ली ऑफिसात नवीन येणारी पोरं पण हेच करतात म्हणून लिहायला बसले.

दुसऱ्याच महिन्यात माझा घोळ झाला. मकरपुरा जीआयडीसीतल्या (इथली औद्योगिक वसाहत) एका पार्टीची मशीन होती, लाकडी पेटीत पॅक केलेली, पेटीची उंची २.३२ मीटर. मी चार्ट बघितला, वीस फुटीची आतली उंची २.३९, म्हटलं बसतंय की. संध्याकाळी ट्रेलर लागला, फोर्कलिफ्टवाल्याने पेटी उचलून दारापाशी नेली आणि वरच्या लोखंडी बीमला खाडकन आपटली. दाराची उंची २.२८! आत जागा आहे पण आत शिरायलाच वाव नाही. सुतार बोलावला, तर तो म्हणे खालचे ओंडके काढले की उंची कमी होईल, पण ओंडके काढल्यावर फोर्कलिफ्टचे काटे घालणार कुठे? शेवटी रिकामा कंटेनर परत, ट्रेलरचं भाडं आमच्या अंगावर, आणि चाळीसचा हायक्यूब मिळेपर्यंत (हा उंच कंटेनर, त्याचं दार २.५८ असतं) जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे माल बंदरात पोचवायची शेवटची वेळ, निघून गेला. शेठ ओरडले नाहीत, ड्रॉवरमधून मेजर टेप काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि घरी गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तर आधी दार. मग वजन, आणि इथे नवख्या माणसाला सगळ्यात जास्त चकवा बसतो कारण चाळीस म्हणजे वीसच्या डबल माल असं डोक्यात बसलेलं असतं. जागा डबल होते, वजन नाही. दोन्हीचं जास्तीत जास्त एकूण वजन बहुतेक वेळा ३०,४८० किलोच असतं, त्यात वीसचा रिकामा डबा (आम्ही कंटेनरला डबाच म्हणतो) सव्वादोन टनाच्या आसपास आणि चाळीसचा पावणेचार, म्हणजे चाळीसमध्ये उलट माल थोडा कमीच चढतो. म्हणून कास्टिंग, टाइल्स, पावडरच्या गोण्या असलं जड काही असेल तर वीस, आणि प्लॅस्टिकचे डबे, फोम, कपडे असलं फुगीर असेल तर सरळ चाळीसचा हायक्यूब, साधारण ७६ सीबीएम. पण डब्याच्या दारावर २८ टन लिहिलंय म्हणून २८ टन भरू नका हं, माल उतरतो त्या देशातला रस्ता पण बघायचा. अमेरिकेत हायवेवर ट्रक, चॅसी (डबा ठेवायचा चाकांचा सांगाडा), डबा, माल सगळं धरून ८०,००० पौंड, म्हणजे ३६ टनांच्या आसपास, एवढीच परवानगी असते.

सीबीएम सगळ्यात शेवटी, आणि तो पण कागदावर चित्र काढून. आमच्याकडे नंदेसरीच्या बाजूचा केमिकलचा माल खूप, २०० लिटरचे ड्रम. ड्रमचा व्यास साधारण साडेअठ्ठावन्न सेंटीमीटर, डब्याची आतली रुंदी २३५, म्हणजे आडवे चार, लांबीत दहा, एका थरात ४०, दोन थर केले की ८०. जेमतेम बसतात, बोट घालायला जागा राहत नाही. आता तेच ड्रम पार्टीने १२० बाय १२० च्या पॅलेटवर चारचार करून पाठवले तर दोन पॅलेट शेजारी शेजारी २४० होतात, झालं, बसतच नाहीत! सीबीएमच्या हिशोबात हे कधीच दिसत नाही. म्हणून पार्टीला फोनवर मी पहिला प्रश्न पॅलेटच्या मापाचाच विचारते, लोकांना वाटतं ही बाई फार चौकशा करते.

माल दहा-बारा सीबीएमच्या आत असेल तर एलसीएलचा (दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच डब्यात माल पाठवायचा) रेट पण मागवा, तिथे सीबीएम किंवा टन यातलं जे जास्त भरेल त्यावर पैसे लागतात. त्याच्या वर गेलं की पूर्ण वीसचा डबा घेणं कित्येकदा स्वस्त पडतं, दोन्ही कोटेशन शेजारी ठेवून बघायचं.

आणि २०१६ च्या १ जुलैपासून व्हीजीएम (भरलेल्या डब्याचं तपासलेलं एकूण वजन) दिल्याशिवाय भरलेला डबा जहाजावर चढत नाही, त्यामुळे वजन अंदाजपंचे लिहायचं नाही. मालाबरोबर पॅलेट, लाकूड, दोरपट्टे पण त्यात धरायचे, डब्याचं रिकामं वजन दारावरच छापलेलं असतं.

भरण्याआधी डबा आतून बघायचा. आत उभं राहायचं, बाहेरच्या माणसाला दारं लावायला सांगायचं आणि कुठून उजेड येतो का ते बघायचं, छताला टाचणीएवढं भोक असलं तरी तारा चमकल्यासारखं दिसतं. फक्त दार लावणारा माणूस ओळखीचा असू द्या. माझ्या पहिल्या वेळी फोर्कलिफ्टवाल्या काकांनी दार लावलं आणि मला आत ठेवून चहा सांगायला गेले.