पावसाळ्यात गोचीड आणि पिसवा: अंगाइतकेच घराकडेही पाहावे

बडोद्यात पावसाळा सुरू झाला, की दांडिया बाजारासारख्या जुन्या वस्तीत राहणाऱ्यांनी कुत्र्याच्या अंगाइतकेच भिंतींच्या भेगांकडेही लक्ष द्यावे, कारण कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड पोटभर रक्त प्यायली की अंगावरून उतरते आणि अशाच भेगांत हजारो अंडी घालते. पिसवांची अंडीही अंगावरून गळून सतरंजीत पडतात. म्हणून प्राण्याचे अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे.

फिरून आल्यावर कानांच्या आत, गळपट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहावे. गोचीड सापडल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने ती त्वचेलगत धरून, न पिळता, सरळ आणि संथपणे ओढावी. रॉकेल ओतणे किंवा काडीचा चटका देणे टाळावे, कारण डिवचलेली गोचीड आपली लाळ जखमेत सोडू शकते आणि एर्लिकिओसिससारखा, रक्तपेशींवर हल्ला करणाऱ्या जिवाणूंचा आजार लाळेतूनच पसरतो. कुत्रा मलूल झाला, जेवेनासा झाला किंवा त्याच्या नाकातून रक्त आले, तर त्याच दिवशी त्याला पशुवैद्यांकडे न्यावे.

मांजरांविषयी मात्र कळकळीने सांगावेसे वाटते, की कुत्र्यांसाठीचे, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध मांजराला कधीही लावू नये. त्याने झटके येऊन मांजर दगावू शकते. घरात दोन्ही प्राणी एकमेकांना बिलगून झोपत असतील, तर कुत्र्यासाठीही दुसरे औषध पशुवैद्यांकडूनच, वजन सांगून, लिहून घ्यावे.